पत्र्यावरचे दगड

१

ती रात्र रागिणीनं पत्र्याकडं बघत काढली. घरावर अकरा दगड होते, आणि त्यातला सगळ्यात मोठा, दोन हातांत न मावणारा, बरोबर लेकीच्या, आकूच्या, उशीच्या वर होता. मध्ये एक गंजका पत्रा, एवढंच.

आदल्या संध्याकाळी जमीन गुरगुरली होती. वसमतकडच्या या गावांना तो आवाज नवा नव्हता. खोल विहिरीत कुणी रिकामा ड्रम लोटून द्यावा तसा आवाज येई, फळीवरची भांडी किणकिणत, शेळ्या उठून उभ्या राहत आणि चहा निवायच्या आत सगळं जिथल्या तिथं. पण या वेळी सरकारी जीप आली आणि भोंग्यावरून सांगून गेली, की घाबरू नका, जमलं तर उघड्यावर झोपा, आणि पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. घाबरू नका हे त्या माणसानं चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळेला रागिणी घाबरली.

सकाळी तिनं चहाची बशी सासऱ्यापुढं ठेवली आणि उभीच राहिली.

"मामा, पत्र्यावरचे दगड काढायचे."

संपतराव बशी तोंडाला लावता लावता थांबले. "आन् वावधान सुटलं मंग? पत्रा हुडकायला हट्ट्याला जाऊ?"

"पत्रा गेला तर दुसरा आणता येतो. आकू खाली झोपते."

"वाऱ्यानं पत्रा उचलला तर तोबी लेकरावरच येतो. मागच्या साली शेजारच्या दगडोबाच्या म्हशीची पाठ पत्र्यानं कशी कापली, बगितलं न्हाई का तू?"

तिनं बघितलं होतं. म्हातारा खोटं बोलत नव्हता. दगड ठेवले तर जमिनीची भीती, काढले तर वाऱ्याची. दोन्ही बाजूंचं खरं असलं की माणसानं कुणावर चिडावं हेच कळत नाही, म्हणून ती नवऱ्यावर चिडली.

शिवहार पिकअपवर हळदीची पोती बांधत होता. रोज हिंगोलीच्या मार्केटला त्याची एक फेरी असे. "पत्र्याला हुक मारून टाकू ना," तो म्हणाला. "वेल्डिंगवाल्याला सांगतो. रविवारी."

रविवार हा शिवहारचा लाडका वार होता. त्या वारी तो सगळं करणार असे.

रागिणीनं पदर खोचला, शिडी लावली आणि स्वतःच वर चढली. सासरे तोंड फिरवून शेळ्यांकडं गेले. अकराच्या अकरा दगड तिनं खाली ढकलले. शेवटचा पडला तेव्हा सासू, नर्मदाबाई, दारात आली आणि म्हणाली, "झालं समाधान? आता भाकरी टाक."

२

तशी रागिणीच्या तयारीची घरात चेष्टाच व्हायची. बी.एस्सी. झालेली, भरतीची वाट बघत सहा वर्षं घरी बसलेली बाई; तिनं आपली सगळी विद्या साठवणीवर लावली होती. नळ आठ दिवसांनी यायचा, तर तिच्या ड्रमांवर खडूनं तारखा लिहिलेल्या असत. ज्वारीत कडुनिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, डब्यात महिनाभर टिकतील अशा कडक भाकरी. दाराआड एक दप्तर टांगलेलं: बॅटरी, काड्यापेटी, राजगिऱ्याचे लाडू, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आधारकार्डं आणि आकूचा स्वेटर.

त्या दप्तरावरून नर्मदाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सुनेची माहेरला जायची पिशवी हाय ती. कवाबी निघंल." बाया हसायच्या. रागिणीही हसायची, आणि आपण खरंच जरा अती करतो का, असं तिला रोज एकदा तरी वाटायचं. मग ती आणखी एक ड्रम भरून ठेवायची.

दगड काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंगणात कुरडया वाळत घालत होती. प्लॅस्टिक ताणताना सहज वर नजर गेली.

मधल्या खोलीवर चार दगड होते.

घर म्हणजे ओळीनं तीन खोल्या: पुढची, मधली आणि सैपाकाची. पुढच्या खोलीचा पत्रा मोकळा. सैपाकघराचाही मोकळा. मधल्यावर तेवढे चार. आकू मधल्या खोलीत झोपायची.

रागिणी तशीच, चिकानं भरलेल्या हातांनी, शेळ्यांच्या वाड्याकडं गेली.

"मामा, तुमाला माझं ऐकायचं नसंल तर तोंडावर सांगा. माझ्या पाठीमागं कशाला शिडीवर चढता? पाय घसरला तर निस्तरायचं कुणी?"

संपतरावांनी तिच्याकडं बघितलं, मग पत्र्याकडं. "म्या न्हाई ठिवले."

"मग काय ते उडून गेले वर?"

"बिरोबाची आण हाय. माझा गुडघा शिडीच्या तिसऱ्या दांडीवर जात न्हाई, पोरी, आन् तू मला चढून राहिला म्हंती."

ते खरं होतं. तिला त्याचा आणखीच राग आला.

३

तिनं शिडी लावली. मनात हिशेब सुरू होता: माकडं, गल्लीतली पोरं, शिवहारची मस्करी. शिवहारची मस्करी हेच तिला जास्त पटलं, कारण त्यावर रात्री भांडता आलं असतं.

पहिला दगड उचलला आणि तिनं तो पटकन सोडला. गार होता. मे महिन्यात सकाळी अकरा वाजता पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता, आणि दगड मात्र माठासारखा गार, ओला. त्याच्या खालच्या अंगाला काळी चिकट माती होती. तसली ओली माती त्या दिवसांत गावात कुठंच नव्हती. विहिरींनी तळ गाठला होता.

तिनं चारही दगड खाली लोटले. त्यांच्या जागी पत्र्यावर चार ओले डाग राहिले आणि बघता बघता वाळून गेले. ती खाली आली, मधल्या खोलीत गेली आणि आकूच्या गादीशेजारी उभं राहून वर बघितलं. पत्रा जिथं जिथं किंचित दबला होता त्या जागा दिसत होत्या. दोन गादीच्या डोक्याकडच्या कोपऱ्यांवर. दोन पायांकडच्या.

तिनं गादी उचलली आणि पुढच्या खोलीत टाकली.

दुपारी सगळे पडले होते. आकू पुढच्या खोलीत, तोंड उघडं टाकून, गाढ. रागिणी तिच्या शेजारी जागी. तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. दगड फेकल्याचा आवाज तिला माहीत होता. पत्रा कसा दणाणतो ते गल्लीतल्या पोरांनी सगळ्या गावाला शिकवलेलं. हा तसा नव्हता. कुणीतरी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून परात हळूच जमिनीवर टेकवावी, तसा होता. टेकवली, आणि मग हात काढून घेतला.

थोड्या वेळानं दुसरा. तिसरा. चौथा.

ती उठून बाहेर धावली. शिडी आडवी पडलेली होती, तिनं ठेवली तशी. अंगणात पाखरू नव्हतं. पत्र्यावर चार दगड, पुढच्या खोलीवर.

"कोण हाय रे?" ती ओरडली. "हिंमत असंल तर समोर या."

समोरून दगडोबाची म्हैस तेवढी हंबरली.

दोन दिवसांत तिनं गादी पाच ठिकाणी हलवली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हलवाव्यात तशी ती लेकरू हलवत होती, आणि निरीक्षण दर वेळी एकच येत होतं. सैपाकघरात, तर सैपाकघरावर. भिंतीला लागून, तर भिंतीलगत. एकदा तिनं आकूला मधल्या खोलीत निजवलं आणि रिकामी गादी पुढच्या खोलीत ठेवली. दगड मधल्या खोलीवर आले.

म्हणजे गादीचा संबंध नव्हता.

त्या संध्याकाळी तिनं मोरीत बसून स्वतःची नखं घासली. काळी माती होती. असणारच, दगड तीच उचलत होती ना, तिनं स्वतःला सांगितलं. तरी बराच वेळ घासत राहिली.

४

शनिवारी अंगणवाडीत वजनं होती. पुजाताई दर महिन्याला पोरांना काट्यावर उभं करून वहीत आकडा लिहायची. आकूचं मागच्या महिन्यात चौदा किलो सहाशे भरलं होतं. पाच वर्षांच्या मानानं कमी, आणि तो रागिणीचा जुना सल होता.

आकू काट्यावर उभी राहिली. पुजाताईनं आकडा बघितला, काट्याला टिचकी मारली, आकूला उतरवून परत चढवलं.

"किती?" रागिणीनं विचारलं.

"नऊ दोनशे दाखवून राहिला. बॅटरी उतरली असंल."

"आत्ता तर आकूच्या आधी सेवाला बराबर दाखवलं ना?"

पुजाताईनं सेवाला परत उभं केलं. सोळा किलो शंभर. जसाच्या तसा. परत आकू. आठ नऊशे.

आकूचे गाल होते तसेच होते. दंडावरची वळी होती तशीच. सकाळी तिनं दीड भाकरी खाल्ली होती आणि वर गूळ मागितला होता.

"नवीन काटा मागवते," पुजाताई म्हणाली आणि वहीत चौदा सातशे लिहिलं. "उगं वरून विचारत बसतील, ताई. तुमची पोरगी चांगली हाय. बघा की कशी टुणटुण हाय."

टुणटुण होती खरी. परतीच्या वाटेवर ती फुफाट्यातून पळत होती आणि पावलं उमटत नव्हती म्हटलं तरी चाललं असतं, इतकी पुसट उमटत होती. रागिणीला काट्याचा राग आला, पुजाताईचा आला, वहीतल्या त्या चौदा सातशेचा आला. बांधावर आकू दमली म्हणून तिनं तिला कडेवर घेतलं, आणि रोजच्या सवयीनं जोर लावून उचललं, तर पोरगी खांद्याच्याही वर गेली.

आकू खिदळली. "परत कर."

"गप," रागिणी म्हणाली. रागात माणसाच्या अंगी बळ येतं, असं तिनं मनाशी म्हटलं. घरापर्यंत तेच म्हणत आली.

५

त्या रात्री शिवहार जेवायला बसला तेव्हा तिनं ताट वाढलं आणि पातेलं स्वतःजवळ ओढून बसली.

"उद्या रविवार हाय."

"व्हय."

"उद्या हुक नाही लागले तर मी आणि आकू परवा माहेरी. दप्तर भरलेलंच आहे."

"रागिणी, चार दगडांपायी—"

"तुमी एकदा तरी वर चढून बघितलं? बाप म्हणून एकदा तरी? रोज हिंगोलीला जाऊन लोकांच्या हळदीला ताडपत्री बांधता. घरच्या पोरीवर काय ठेवलंय ते बघायला तुमाला रविवार लागतो."

नर्मदाबाई भाकरी मोडता मोडता थांबली. या घरात असं कुणी बोललं नव्हतं. शिवहार खाली मान घालून जेवला.

सकाळी वेल्डिंगवाला आला. तिन्ही खोल्यांच्या पत्र्याला त्यानं लोखंडी हुक मारले, दोन-दोन फुटांवर. आता वाऱ्याचा बाप आला असता तरी पत्रा हलला नसता. दगडांची गरज संपली, कुणालाच, कसलीच. रागिणीनं तेवढ्यावर भागवलं नाही. अकराच्या अकरा दगड तिनं पिकअपमध्ये भरायला लावले. एवढ्यावरही न थांबता वाडा, उकिरडा, चुलीमागची जागा, सगळीकडून दगड वेचले. चुलीचे तीन तेवढे ठेवले. दोन कोसांवर पुलाचं काम चालू होतं, तिथं शिवहार सगळे टाकून आला. ठेकेदारानं ते लगेच काँक्रीटखाली गाडले, असंही त्यानं सांगितलं.

संध्याकाळी शेळ्या कोंडताना संपतराव म्हणाले, "तुवा खालची समदी तयारी केली, पोरी. बॅटरी हाय, पानी हाय, लाडू हाय. वरची कोण करंल?"

"हुक मारलेत ना, मामा."

"पत्र्याला मारलेत," ते म्हणाले आणि कडी लावून गेले.

ते वाऱ्याबद्दल बोलत होते. दुसरं कशाबद्दल बोलणार होते? तरी रागिणीनं त्या दिवशी कुठलाच धोका नको म्हणून आकूची बाज अंगणात टाकली, पार मधोमध, घरापासून दूर, कडुनिंबापासून दूर. वर पत्रा नाही, फांदी नाही, तार नाही. जीपवाल्यानं सांगितलं होतं अगदी तसं. आणि बाजेशेजारीच अंग टाकून खूप दिवसांनी ती झोपली.

६

जाग आली ती उन्हानं. तिनं आधी बाजेकडं बघितलं. आकू होती, वाकळ पांघरून, उताणी. मग पत्र्याकडं. पत्रा स्वच्छ. एक खडा नव्हता.

रागिणी पडल्या पडल्या हसली. एखाद्यावर मात केल्यासारखं वाटलं. कुणावर ते माहीत नसलं म्हणून काय झालं. ती उठली, तोंड धुतलं, कुरडयांचं प्लॅस्टिक पसरलं. वारा असा नव्हताच. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. तरी प्लॅस्टिकच्या कडेवर ठेवायला तिनं सवयीनं दगड शोधला, आणि अंगणात दगड नाही हे आठवून कडेवर पाट ठेवला.

वाकळ एका बाजूनं घसरली होती. ती नीट करायला म्हणून रागिणी वाकली.

आकूची पाठ आणि बाजेची नवार यांच्यातून तिला पलीकडचं ऊन दिसलं.

नवार सैल झाली असेल, तिनं विचार केला. जुनी बाज. मधूनच खोलगट. पण खोलगट नवारीत लेकरू रुततं, वर राहत नाही, हेही तिच्यातल्या बी.एस्सी.नं लगेच सांगितलं. तिनं हात पुढं केला. पाठीखाली घातला. हात कशालाही न लागता दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. तिनं पलीकडं आपली बोटं हलवून बघितली.

आकूचे केस उशीवर नव्हते. पाण्यात पसरावेत तसे सगळीकडं पसरले होते.

रागिणीनं दोन्ही तळवे तिच्या छातीवर ठेवले आणि दाबलं. आकू खाली गेली, नवारीला टेकली. हात जरासा सैल केला तर परत वर आली, हळूच, श्वास सोडावा तशी. रागिणीनं परत दाबलं आणि आता सोडलं नाही.

तेव्हाच जमीन गुरगुरली. भांडी वाजली, शेळ्या उठल्या. तिची सगळी शिकवण हीच होती, की आवाज झाला की बाहेर मोकळ्यात यायचं. त्या दोघी बाहेरच होत्या. यापेक्षा मोकळी जागा सगळ्या गावात नव्हती.

बाजेच्या चारही खुरांशी माती हलली. वाळकं अंगण आतून फुगलं, चार जागी, आणि ओली काळी माती वर आली. एकेका ढिगाच्या माथ्यावर एकेक खळगा होता. काही तरी द्यायला म्हणून ओंजळ पुढं करावी तसा. आणि ओंजळ रिकामी. खळग्याच्या कडा एकदा आत वळल्या, उघडल्या, परत वळल्या. मग माती माती झाली.

"आत्या," ती ओरडली. "आत्या, या इकडं."

नर्मदाबाई दारातून आली, मशेरीचं बोट तोंडात. "काय झालं? लेकराला काहून दाबून राहिली? सोड की, जीव घुसमटंल तिचा."

"पाय धरा तिचे."

"काहून?"

"धरा म्हणते ना."

सुनेचा तो आवाज नर्मदाबाईनं कधी ऐकला नव्हता. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, बाजेपाशी आली आणि एका हातानं, नाइलाजानं, नातीचा घोटा धरला. मग तिचा चेहरा बदलला. तोंडातलं बोट निघालं. तिनं दुसऱ्या हातानं दुसरा घोटा धरला आणि बाजेच्या पायथ्याशी मटकन बसली.

रागिणी पोरीवर आडवी झाली. बाजेच्या कडेच्या लाकडाला बोटं अडकवली आणि सगळा भार टाकला. बाळंतपणानंतर वाढलेलं, पाच वर्षं शिव्या घातलेलं ते सगळं वजन. ती संतापानं रडत होती. पुलाखाली गाडलेल्या दगडांवर, भोंग्यावर, स्वतःच्या शहाणपणावर. आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण आणखी जाड असायला हवं होतं.

आकूनं डोळे उघडले. घाबरली नव्हती. आईचं तोंड इतकं जवळ बघून तिला मजाच वाटली असावी. तिनं वाकळीतून एक हात मोकळा केला, आईच्या दंडाला धरलं, जरासं वर उचलून बघितलं आणि म्हणाली,

"आई, तू बी हलकी होऊन राहिलीस."